अख्खी बाटली

पातेल्यातला साबण दीड मिनिटात दगड झाला. आषाढातली दुपार होती, बाहेर पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता आणि पडवीत आम्ही सात जणी एका स्टीलच्या पातेल्याभोवती बसलो होतो. खोबरेल तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून घोटणं चाललं होतं. वीस मिनिटं सगळं ठीक होतं. मिश्रण ताकाच्या कढीसारखं दाट झालं तेव्हा वहिनीनं लवंगेचं तेल ओतलं, आणि उलथनं जागच्या जागी रुतलं.

“अगो, ह्या काय झाला? दगडच की!” वहिनी उलथनं ओढत म्हणाली.

मला हसू आलं, कारण हे का झालं ते मला ठाऊक होतं. लवंगेच्या तेलातला मुख्य घटक युजेनॉल हा रसायनशास्त्राच्या भाषेत फिनॉल. सोड्याशी त्याचं लगेच जमतं, मिश्रण तापतं आणि साबण साच्यात ओतायच्या आत आळतो. वर रंग तपकिरी पडतो तो वेगळाच. पातेल्यातला साबण आम्ही सुरीनं खरवडून काढला, गोळे वळले आणि ‘हातवळणीचा साबण’ म्हणून बाजूला ठेवले. त्या दिवशी मी बायकांना युजेनॉल म्हणजे काय ते ऐटीत समजावून सांगितलं. ते सोड्याला सोडत नाही, मग कातडीला सोडेल का, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही.

तो विचारायला हवा होता तो मीच. मुंबईत एका सुगंध बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी चोवीस वर्षं काढली. साबण, पावडर, केसांचं तेल, अगरबत्ती यांच्या कारखानदारांना लागणारी अत्तरी मिश्रणं आम्ही करून द्यायचो. प्रत्येक मिश्रणासोबत एक कागद जायचा: हे अंगाला लावायच्या क्रीममध्ये इतक्या टक्क्यांपर्यंत, धुऊन टाकायच्या साबणात इतक्या टक्क्यांपर्यंत, ओठांच्या मलमात अमुक इतकं. हे आकडे येतात आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेकडून. ‘इफ्रा’ या नावानं ती धंद्यात ओळखली जाते. १९७३ साली ती स्थापन झाली आणि कोणतं सुगंधी द्रव्य कशात किती वापरावं याच्या मर्यादा ती ठरवून देते. तो कागद मी इतक्या वेळा टाइप केला की आकडे पाठ झाले. तो ज्याच्यासाठी लिहितात ते खाजणारं कातडं मात्र चोवीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही. आमच्यापाशी गिऱ्हाईक पिंपांच्या मापानं यायचं.

नोकरी संपवून नांदगावला आले तेव्हा दादा-वहिनीच्या घराशेजारी वहिनीचा बचतगट काहीतरी नवं शोधत होता. पापड, कोकम आगळ, आंबापोळी हे सगळेच करतात. नांदगावचा तिठा म्हणजे मुंबई-गोवा रस्त्यावरून देवगडला फुटणारा फाटा. जवळच कोकण रेल्वेचं नांदगाव रोड स्टेशन. गणपतीत गावात उतरणारा चाकरमानी परत जाताना पिशवी भरून काहीतरी नेतो, हे वहिनीनं बरोबर हेरलं होतं. तिनं ठरवलं, साबण आणि पायांच्या भेगांचं मलम.

मलमाची कल्पना सोन्यासारखी होती. आमच्याकडे कोकमाच्या बिया वाया जात नाहीत. त्या कुटून, उकळून वर तरंगणारं तेल काढायचं आणि थिजायला लागलं की मुठीत गोळे वळायचे, हे मुठेल. टाचेच्या भेगांवर ते वातीवर वितळवून भरण्याची रीत जुनी आहे. त्यात खोबरेल आणि थोडं मधमाश्यांचं मेण मिसळलं की मलम तयार. त्याला फक्त एकच उणं: वास नाही. “वास इल्याशिवाय लोकांक गुण इल्यासारखा वाटणा नाय,” वहिनी म्हणाली. बाजाराची ही जाण माझ्या कंपनीतल्या विक्री अधिकाऱ्यांना शोभली असती. लवंगेचा वास म्हणजे दाताचं औषध, सर्दीची वाफ, विड्याची टाचणी. नाकात गेला की माणसाला बरं वाटायला लागतं.

अर्धा किलो मलम पातळ झालं होतं. वहिनीनं पंचवीस मिलिलिटरची बाटली उघडली आणि उलटी धरली. अख्खी. मी समोर बसले होते.

मी गप्प का राहिले याचा विचार मी पुष्कळ केला आहे. एक तर मी नुकतीच आलेली. मुंबईहून येऊन शहाणपणा शिकवणारी नणंद कुणाला आवडते? दुसरं, वहिनीनं आधीच कबूल करून घेतल्यासारखं विचारून टाकलं होतं, “पोटात घालतंव ती लवंग अंगाक लावल्यान काय होतला?” आणि तिसरं कारण खरं कारण. मला वाटलं, घरगुती काम आहे, वीस डब्या आहेत, कागद लिहिण्याइतकं ते मोठं नाही. टक्क्यांचं शास्त्र मी कारखान्यांसाठी राखून ठेवलं होतं.

गणपतीत डब्या हातोहात गेल्या. एकही तक्रार आली नाही. दसऱ्यापर्यंत आणखी चार घाणे झाले. प्रत्येक वेळी बाटली वहिनी ओतायची, सांडलेलं बोटानं निपटायची आणि वाया जाऊ नये म्हणून दुखऱ्या कोपराला चोळायची. स्वस्तातलं एक पारदर्शक प्लॅस्टिकचं माप होतं, त्यात तेल ठेवलं तर ते पांढुरकं होऊन तडकलं. तेही आम्ही पाहिलं आणि माप फेकून दिलं.

नवरात्राच्या सुमाराला वहिनीच्या बोटांच्या बेचक्यात बारीक पुरळ आलं. “हात चरचरतत. सोडो लागलो असतलो,” ती म्हणाली. सोड्याचा संशय सगळ्यांना पटला, कारण सोडा वाईट आणि लवंग चांगली हे आधीच ठरलेलं होतं. खोबरेल लावलं, बरं वाटलं. पुढच्या घाण्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी मनगटापर्यंत. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी तिचे डोळे उघडेनात, पापण्या टोमॅटोसारख्या सुजल्या होत्या. त्या आठवड्यात साबण केलाच नव्हता, नुसतं मलम केलं होतं. तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. सोडा सुटला होता, राहिली होती ती लवंग.

आम्ही तिला गोव्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं तिच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीत लहान लहान कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात संशयित पदार्थाचा कणभर नमुना. ४८ तासांनी पट्ट्या काढायच्या, वाचन करायचं, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही; दमट कोकणात ही शिक्षाच. या तपासणीत ‘सुगंधी मिश्रण’ नावाचा एक नमुना असतो. त्यात आठ द्रव्यं असतात आणि त्यांतलं एक युजेनॉल. वहिनीच्या पाठीवर तो चौकोन लालभडक फुगून आला. मग आठही द्रव्यं सुटी सुटी तपासली, आणि युजेनॉलची जागा पेटली. चोवीस वर्षं जे नाव मी कागदावर टाइप केलं, ते त्या दिवशी मी वहिनीच्या पाठीवर वाचलं.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला माहीत होतं, पण वहिनीला समजेल असं सांगायला त्यांनाच जमलं. कातडी भाजणं वेगळं आणि अ‍ॅलर्जी वेगळी. जाळ हात लावताच भाजतो. अ‍ॅलर्जीचं तसं नाही. युजेनॉलसारखा लहानसा रेणू कातडीत मुरतो, तिथल्या प्रथिनाला चिकटतो आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसतो. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, कधी महिनोन् महिने काहीच होत नाही. पहारेकरी फक्त तोंडवळा लक्षात ठेवतात. ओळख पक्की झाली की पुढच्या भेटीला एक-दोन दिवसांत हल्ला चढवतात. मग ती ओळख पुसली जात नाही. माणसाला जन्मभर त्या द्रव्यापासून लांब राहावं लागतं.

“पण मी मनगटार लावन बघितलेलंय. काय्येक झाला नाय,” वहिनी म्हणाली. घरोघरी सांगितली जाणारी ही चाचणी: थोडं लावा, रात्रभर ठेवा, काही झालं नाही तर वापरा. ती आग होणारं द्रव्य ओळखते. पुढे होणारी अ‍ॅलर्जी तिला कशी दिसणार? उलट कच्चं तेल पुन्हा पुन्हा लावून बघण्यानंच पहारेकऱ्यांना ओळख करून दिली जाते. शिवाय लवंगतेलाची आणखी एक चाल आहे. दाताला ते बधिर करतं ते याच युजेनॉलमुळे. संशोधक माशांना हाताळण्याआधी भूल द्यायला लवंगतेल पाण्यात घालतात. दुखऱ्या कोपराला चोळल्यावर वहिनीला जे ‘बरं’ वाटायचं, ते यातलंच.

घरी आल्यावर मी तपासणीचा निकाल सांगितला तेव्हा गटातल्या एकीनं विश्वासच ठेवला नाही. लवंग नैसर्गिक, तिचं तेल नैसर्गिक, त्यात केमिकल कुठलं? कोपऱ्यात काजू सोलत बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या काकीनं मान वर न करता विचारलं, “नैसर्गिक म्हणतंस? मगे बिब्बो खयच्या कारखान्यात करतत?”

चोवीस वर्षांत मी ऐकलेल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा हे वाक्य चोख होतं. बिब्बा झाडावरच येतो. पिढ्यान् पिढ्या तो औषधात वापरला जातो, आणि तोच एखाद्याला असा उततो की अंगभर फोड. शेजारच्याला काहीच होत नाही. काजूच्या टरफलातल्या चिकाचीही तीच जात. काकीनं त्याच्यासाठी हाताला तेल आणि राख चोळली होती. सिंधुदुर्गातल्या बाईला ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हे खरं तर कुणी विकू शकत नाही. आम्ही ते डबीवरच्या चिठ्ठीतून शिकलो, आणि मग डबीवर स्वतःच छापलं.

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि जे हिशेब आषाढात करायचे ते मार्गशीर्षात केले.

वाळलेल्या लवंगेत साधारण १५ ते २० टक्के तेल असतं आणि त्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल. पंचवीस मिलिलिटरची बाटली म्हणजे सुमारे २६ ग्रॅम तेल, कारण लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड आहे. पाण्यात थेंब टाकला तर तळाशी बसतो. २६ ग्रॅम तेल अर्ध्या किलो मलमात म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास. रॉबर्ट टिसरँड आणि रॉडनी यंग यांच्या सुगंधी तेलांच्या सुरक्षिततेवरच्या ग्रंथात लवंगकळीच्या तेलासाठी त्वचेवरची कमाल मर्यादा दिली आहे अर्धा टक्का. आम्ही दहापट घातलं होतं. तेही टाचेच्या भेगांसाठी, म्हणजे जिथं कातडीचं कुंपण आधीच फाटलेलं आहे तिथं.

टक्के बायकांना रुचले नसते, म्हणून मी तेल परत लवंगेत मोजलं. आमच्या घरी किलोभर मिरचीच्या मसाल्याला तीन तोळे लवंग लागते. त्यातून पंधरा टक्क्यांनी निघेल सव्वापाच ग्रॅम तेल. आमच्या पंचवीस ग्रॅमच्या चार डब्यांत जवळजवळ तेवढंच तेल होतं. किलो मिरचीचा मसाला आमचं पाच माणसांचं घर कित्येक महिने पुरवून खातं. तेवढी लवंग आम्ही चार डब्यांत भरली होती, आणि ती पोटात जाऊन पचणार नव्हती. रात्रभर मोज्याच्या आत टाचेला चिकटून बसणार होती. हा हिशेब ऐकल्यावर पडवीत कुणी बोललं नाही. “पोटात घालतंव ती लवंग” या वाक्याचं उत्तर वहिनीला तिच्याच मसाल्याच्या मापात मिळालं.

आयुर्वेदाचा मुद्दाही निघाला. खरं आहे, चरकसंहितेत तोंडाच्या शुद्धीसाठी लवंग, जायफळ, वेलची, कापूर तोंडात धरावं असं सांगितलं आहे. पण तिथं तोंडात धरायची ती कळी. बाटलीतलं तेल ही शेकडो कळ्यांची एकवट आहे. ते पोटातही तसंच्या तसं चालत नाही: लहान मुलांनी काही मिलिलिटर लवंगतेल गिळलं तर यकृतावर गंभीर परिणाम आणि झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आमची बाटली इतके दिवस पडवीतल्या खुंटीखाली, पोरांच्या हाताला येईल अशी उभी होती.

मग थेंबांची गोष्ट. ‘पाच थेंब घाला’, ‘दहा थेंब पुरे’ असं जो तो सांगतो. मी दोन बाटल्यांच्या दोन ड्रॉपरनी शंभर-शंभर थेंब मोजून काट्यावर ठेवले. एकाचं वजन दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट भरलं. तेल तेच, हात तोच. आम्ही काजू किलोवर विकतो, सोनं मिलिग्रॅमवर घेतो, आणि अंगाला लावायच्या सगळ्यांत तिखट वस्तूला थेंबाचं माप लावतो! दुसऱ्या दिवशी मी सोनारकामाला वापरतात तसा लहान काटा आणला. आमच्या गटातली ही पहिली यंत्रसामग्री.

लवंग नको तर तिच्या जागी काय, या चर्चेत एक फसगत होता होता राहिली. एकीच्या बागेत दालचिनीची झाडं आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९९२ साली ‘कोकण तेज’ ही दालचिनीची जात दिली, आणि नारळ-सुपारीच्या बागेत मिरी, जायफळ, दालचिनी लावण्याचा विद्यापीठाचा ‘लाखी बागे’चा प्रयोग इकडे बऱ्याच जणांनी उचलला आहे. साल काढल्यावर पाल्याचं ढीगभर ओझं उरतं. त्याचं तेल काढू, आपल्याच मातीतलं, लवंग बाहेरून आणायला नको, असा बेत निघाला. बेत उत्तम होता, पण दालचिनीच्या सालीचं आणि पानाचं तेल एक नव्हे. कोकण तेजच्या पानाच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश भाग युजेनॉलच. लवंगेला दारातून घालवून आम्ही तिला खिडकीतून आत घेणार होतो. वहिनीच्या कातडीला झाडाचं नाव कळत नाही, रेणू कळतो.

जग या बाबतीत काय करतं हे मी बायकांना सांगितलं, कारण आपणच मूर्ख ठरलो अशी भावना पडवीत पसरली होती. तसं नाही. युजेनॉलवर कुठंही सरसकट बंदी नाही. त्याची गणना दुर्बळ अ‍ॅलर्जीकारकांत होते. त्याच्या रेणूतला एक दुहेरी बंध एका घरानं सरकला की होणारं आयसोयुजेनॉल त्याच्याहून कितीतरी जहाल. युरोपानं २००३ साली २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली आणि २००५ पासून ती वेष्टनावर नावानिशी छापणं सक्तीचं केलं. मर्यादा अशी: अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्यापेक्षा आणि धुऊन जाणाऱ्या वस्तूत ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर नाव छापा. युजेनॉल त्या यादीत पहिल्यापासून आहे. २०२३ च्या दुरुस्तीनं यादी ऐंशीच्या वर गेली आणि तिच्यात लवंगेचं तेलही तेल म्हणून आलं. बाजारात येणाऱ्या नव्या वस्तूंना हा नियम ३१ जुलै २०२६ पासून लागू.

या नियमातली गोम बारीक आहे. आम्ही अगदी शहाण्यासारखं अर्धा टक्का लवंगतेल घातलं असतं, तरी त्यातलं युजेनॉल नाव छापण्याच्या मर्यादेच्या चारशेपट भरलं असतं. म्हणजे घालण्याची मर्यादा वेगळी आणि सांगण्याची मर्यादा वेगळी. पहिली बहुतेकांना अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून. दुसरी ज्यांना ती आधीच झाली आहे त्यांच्यासाठी, म्हणजे आता वहिनीसाठी.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनं २०२० च्या नियमांखाली येतात. विकण्यासाठी ती बनवायची तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि देखरेखीला रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माण शिकलेला माणूस लागतो. आमच्याकडे परवाना नव्हता. साबण आणि मलम हे पापड-लोणच्यासारखंच, असं आम्ही गृहीत धरलं होतं. वेष्टनावर घटकांची यादी छापायचा नियमही आहे, पण तीस ग्रॅमच्या आतल्या लहान डबीला त्यातून सूट आहे. आमची डबी पंचवीस ग्रॅमची. घटकांबद्दल एक अक्षर छापायची कायद्यानं आम्हाला सक्ती नव्हती. डबीवर होतं ते एवढंच: ‘शंभर टक्के नैसर्गिक’.

विक्री आम्ही थांबवली. ज्यांनी डब्या नेल्या त्या चाकरमान्यांना फोन केले, मुंबईतल्या वाडीच्या मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप टाकला: मलम वापरू नका, पैसे परत देऊ. कुणी सांगितलं, आईच्या पायाला खाज आली होती, आम्हाला वाटलं थंडीनं. कुणी म्हणालं, फेकून दिलं. दोघा-तिघांनी उलट विचारलं, “छान होतं की, आणखी आहे का?” या शेवटच्यांनी मला जास्त अस्वस्थ केलं. बहुतेकांना काही होत नाही, हेच या द्रव्याचं फसवेपण.

आणि एक गोष्ट त्या फोनांनंतर माझ्या ध्यानात आली. कागदावरच्या सगळ्या मर्यादा वापरणाऱ्यासाठी लिहिलेल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या टाचेला पाच टक्क्यांचं मलम लागत होतं. वहिनीच्या बोटाला शंभर टक्क्यांचं तेल. घाण्यामागून घाणा, उघड्या हातांनी. सौंदर्यप्रसाधन सुरक्षित आहे का, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा ते लावणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर असतो. घोटणारीचे हात त्या चित्रात नसतात. मोठ्या कारखान्यात तिला मोजे असतात, पंखा असतो, बंद नळीतून तेल जातं. घरगुती उद्योगात ती आणि बाटली यांच्यामध्ये काहीच नसतं. गावोगाव दिवाळीचं उटणं, साबण, तेलं करणाऱ्या बचतगटांतल्या बायका आज याच जागी बसल्या आहेत, आणि ‘केमिकल नाही’ या विश्वासानं उघड्या हातांनी बसल्या आहेत.

परवान्याचे कागद आता पुढे सरकले आहेत. देखरेखीची माणूस म्हणून माझी पदवी चोवीस वर्षांनी पुन्हा कामाला आली. साबणात लवंग आहे, अर्ध्या टक्क्याच्या आत, काट्यावर तोलून. तेल तपकिरी काचेच्या बाटलीत कुलपात असतं. ओतते मी, नायट्राइलचे मोजे घालून, खिडकीशी बसून. प्रत्येक घाण्याची नोंद वहीत होते: तारीख, वजनं, कुणी ओतलं. साबणाच्या पुठ्ठ्यावर आणि डबीवरही सगळे घटक छापायचे, सूट असली तरी, असं ठरलं आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ काढून टाकायला मात्र दोन बैठका लागल्या.

वहिनी आता साबणाच्या खोलीत येत नाही. दाताच्या डॉक्टरकडे गेली की आधी सांगते, कारण दाताच्या तात्पुरत्या भरणात झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल कालवलेलं असतं. हे सगळं तिनं निमूट स्वीकारलं. वैशाखात मसाल्याचे दिवस आले तेव्हा मात्र ती पहिल्यांदा रडली. वाडीतल्या सहा घरांचा मालवणी मसाला तिच्या हातचा असायचा. या वर्षी तो मी भाजला. ती मागील दारी, वाऱ्याच्या बाजूला बसून सांगत होती: आधी धने, मग बडीशेप, दगडफूल शेवटी. “लवंग करपाक देऊ नको हां,” ती तिथून ओरडली. तीन तोळे लवंग तव्यावर फुगून चमकायला लागली, वास उठला आणि ती पदर नाकाला लावून आणखी चार पावलं लांब गेली.

पायाच्या मलमातून लवंग आम्ही काढूनच टाकली आहे. परवाना हाती येईपर्यंत नमुना म्हणून केलेल्या डब्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. माणूस झाकण उघडतो, हुंगतो आणि विचारतो, “याला वास नाही?” नाही. मुठेल, खोबरेल आणि मेण, एवढंच आहे. दादा रोज रात्री लावतो, त्याच्या टाचा भरल्या आहेत.